घर लागले, माणसे रुळायची आहेत

प्रश्न : माझ्या यजमानांना कंपनीने तीन वर्षांसाठी परदेशात पाठवले आणि सात महिन्यांपूर्वी आम्ही चौघे येथे आलो. घर चांगले आहे, पगार वेळेवर होतो, शेजारी सभ्य आहेत. त्यामुळे तक्रार तरी कशाची करायची, असे माझे मलाच वाटते. मी बारा वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केले, पण माझ्या पदवीला येथे अजून मान्यता मिळालेली नाही. घराचा करार, बँकेचे खाते, फोन, सगळे यजमानांच्या नावावर आहे. वाचनालयाचे कार्ड काढायला गेले, तर माझ्या नावाचा पत्त्याचा एकही पुरावा निघेना आणि मी तशीच परत आले. नऊ वर्षांची मुलगी चार महिने शाळेत जाते आहे, पण वर्गात एक शब्द बोललेली नाही. घरी मात्र ती धाकट्या भावाला आणि त्याच्या खेळण्यांना ओळीत बसवून शाळा-शाळा खेळते आणि बाईंच्या सुरात त्यांना रागावते. तिच्या शिक्षिकांनी सुचवले आहे की, घरीही आम्ही येथील भाषाच बोलावी. धाकटा चार वर्षांचा आहे आणि तो मजेत आहे. यजमान म्हणतात, ‘सहा महिन्यांत सगळे रुळतात, तू जरा बाहेर पड.’ सहा महिने उलटून गेले. आईला आणि सासूबाईंना मी फोनवर रोज ‘छान चाललंय’ असे सांगते. मुलांना घेऊन परत जावे आणि उरलेली मुदत यजमानांनी एकट्याने पूर्ण करावी, असा विचार हल्ली रोज रात्री येतो आणि त्यावरून आमचे खटके उडतात. माझे चुकते आहे का? (नाव आणि देश न छापण्याची विनंती.)

उत्तर :

तुमचे चुकते आहे, असे मला वाटत नाही. चौघे एका विमानाने गेलात म्हणून चौघांनी एकाच वेगाने रुळावे, असे तुमच्या घरात कोणीही न बोलता गृहीत धरले गेले आहे आणि निम्मे खटके त्या गृहीतकातून उडत आहेत. तुमच्या यजमानांना तेथे पोहोचताच बसायला खुर्ची मिळाली, ओळखीचे काम मिळाले, त्या कामाची भाषा त्यांना आधीपासून येत होती आणि त्यांची वाट पाहणारी माणसेही होती. म्हणजे त्यांचा देश बदलला, दिवस फारसा बदलला नाही. मुलांना वर्ग मिळाला. तो आवडो न आवडो, तेथे रोज हजेरी लागते आणि कोणीतरी नावाने हाक मारते. तुम्हाला एकटीला असे काहीही आयते मिळाले नाही, आणि तरीही उरलेल्या तिघांना रुळवण्याचे काम न सांगता तुमच्याच गळ्यात पडले आहे. अशा वाटणीत सर्वांत शेवटी तुम्हीच रुळणार, हे पहिल्या दिवशीच ठरून गेले होते, आणि त्याचा तुमच्या स्वभावाच्या कणखरपणाशी काही संबंध नाही.

तुमच्या मनःस्थितीचे वर्णन फार पूर्वी करून ठेवलेले आहे. ‘कल्चर शॉक’ ही कल्पना ज्यांच्यामुळे सर्वतोमुखी झाली, ते मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी या विषयावरचे व्याख्यान १९५४ मध्ये ब्राझीलमधील रिओ दी जानेरो येथे दिले आणि १९६० मध्ये ते लेखरूपाने प्रसिद्ध झाले. ते व्याख्यान एका महिला मंडळापुढे दिलेले होते, ही गोष्ट मला बोलकी वाटते. त्यात त्यांनी सांगितलेली लक्षणे अगदी घरगुती आहेत. पिण्याच्या पाण्याची आणि अंथरूण-पांघरुणाच्या स्वच्छतेची नको इतकी काळजी, पुन्हा पुन्हा हात धुणे, कुठेतरी शून्यात लागलेली नजर, किरकोळ खोळंब्यावरून होणारा संताप, आपण फसवले जाऊ ही सततची धास्ती आणि नव्या देशाची भाषा शिकण्याची टाळाटाळ. यांतली एक-दोन लक्षणे तुमच्या यजमानांतही सापडतील, कारण ऑफिसात रुळलेला माणूस घराच्या बिलांशी आणि टपालाशी गाठ पडली की नवखाच असतो. ती दिसली, तर लगेच दाखवून मात्र देऊ नका.

आता त्या सहा महिन्यांविषयी. सहा महिन्यांत सगळे रुळतात, हे वाक्य लोक ज्या आत्मविश्वासाने उच्चारतात, तितका आधार त्याला नाही. नॉर्वेतील समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगोर यांनी १९५५ मध्ये, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून परतलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियन लोकांशी बोलून जो निष्कर्ष काढला, तो जवळजवळ उलटा होता. सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि अठरा महिन्यांहून अधिक राहिलेले लोक तुलनेने बरे रुळलेले आढळले, तर सहा ते अठरा महिने राहिलेल्यांची स्थिती त्यांच्याहून वाईट होती. म्हणजे यजमानांनी जेथे शेवट धरला आहे, तेथून लिसगोर यांच्या हिशेबात उताराची सुरुवात होते. पण हाही आलेख सर्वांना लागू पडत नाही. न्यूझीलंडमधील मानसशास्त्रज्ञ कॉलिन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुढे असे दिसले की, अनेकांना सर्वांत जड जाते ती सुरुवातच. त्यांच्याच अभ्यासातला दुसरा एक मुद्दा तुमच्या अधिक कामाचा आहे. परक्या देशातले व्यवहार जमणे आणि मन थाऱ्यावर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच वेगाने होतीलच असे नाही. तुम्ही मुलांना शाळेत सोडता, कचऱ्याचे वार पाळता, दवाखान्याची वेळ घेता, हे सगळे बिनचूक चालले आहे म्हणून यजमानांना तुम्ही रुळल्यासारख्या दिसता. त्यांना दिसते ते खरे आहे, फक्त ते अर्धे आहे.

तक्रार कशाची करायची, असे तुम्ही विचारले आहे. अमेरिकेतील कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकापासून ज्या प्रकारच्या हानीचा अभ्यास केला, तिचा विशेष असा की गमावलेली गोष्ट पूर्णपणे नाहीशी झालेली नसते, त्यामुळे तिच्यासाठी शोकही धड करता येत नाही. तुमची पदवी शाबूत आहे, अनुभव शाबूत आहे, आई रोज पडद्यावर दिसते. आणि तरीही सकाळी दहा वाजता तुमची वाट पाहणारा एकही रुग्ण नाही आणि आईच्या शेजारी जाऊन बसता येत नाही. सारे काही आहे आणि हाताशी काहीच नाही, अशा स्थितीत माणसाला आपले दुःखच खोटे वाटू लागते. ते खोटे नाही. तुमच्यासारख्या स्थलांतरितांचे उदाहरण या विषयात नेहमी दिले जाते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते. झोप, भूक आणि रोजच्या गोष्टींतला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ हरवलेला असेल, तर ते केवळ न रुळणे म्हणून सोडून देऊ नका आणि तेथील डॉक्टरांना भेटा. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार एकदा जरी डोकावला, तरी त्याच दिवशी मदत घ्या. परदेशी पाठवणाऱ्या अनेक कंपन्यांच्या समुपदेशनाच्या योजनेत कर्मचाऱ्याबरोबर त्याचे कुटुंबही येते. आपल्या भाषेत बोलणारा समुपदेशक व्हिडिओवर मिळतो का, तेही विचारता येते. ही चौकशी यजमानांनी कार्यालयात करावी, तुम्ही नव्हे.

‘जरा बाहेर पड’ हा सल्ला मायेने दिलेला असला, तरी त्याचा उपयोग होत नाही. कोणी ओळखत नाही अशा रस्त्यावरून तासभर फिरून आले, की एकटेपणा घरातल्यापेक्षा जास्त जाणवतो. मी वेगळ्या ठिकाणी सुरुवात करीन, आणि ती तुमच्या त्या न मिळालेल्या वाचनालयाच्या कार्डापासून. घराच्या करारात तुमचे नाव जोडून घेता येते का, हे घरमालकाला विचारा. बँकेत संयुक्त खाते उघडा किंवा तुमचे स्वतंत्र खाते काढा. फोनचा क्रमांक तुमच्या नावावर घ्या. एखादे बिल तुमच्या नावाने येईल अशी व्यवस्था करा. तुमच्या नावाने पत्ता असलेले एखादे अधिकृत पत्र हातात आले, की निम्म्या खिडक्यांवरचे काम सोपे होते. हे मानापमानापुरते नाही. यजमान प्रवासात असताना किंवा रुग्णालयात असताना घराचे पैसे काढायला, दुरुस्तीसाठी माणूस बोलवायला किंवा मुलांसाठी सही करायला तुम्हाला अधिकारच नाही, ही अवस्था दोन लहान मुले असलेल्या घराला परवडणारी नाही. एका शनिवारी दोघे मिळून बसलात, तर यादी तयार होईल. फॉर्म भरण्याचे काम त्यांच्याकडे द्या, कारण कागद आज त्यांच्या नावावर आहेत.

त्यानंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्याच त्या माणसांत तुम्हाला नेईल अशी एक गोष्ट शोधा, जेथे तुम्ही गेला नाहीत तर ‘आज त्या आल्या नाहीत’ हे कोणाच्या तरी लक्षात येईल. मला भाषेचा वर्ग सर्वांत बरा वाटतो, कारण तेथे सगळेच अडखळत असतात आणि लाज वाटून घ्यायला कोणी उरत नाही. गायनवृंद चालेल, शाळेच्या पालकांचे काम चालेल, स्वयंसेवा चालेल. मात्र तुमच्या व्हिसावर विनावेतन कामालाही काही अटी आहेत का, ते आधी पाहून घ्या. आपल्याकडच्या मंडळींतही अवश्य जा. त्यांच्यात गेलो तर येथे मिसळणार कसे, असा एक बाळबोध प्रश्न विचारला जातो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांचे या विषयावरचे काम प्रसिद्ध आहे आणि त्याचा रोख असा आहे की, आपले सांभाळून नव्या समाजातही वावरणाऱ्यांचे सहसा अधिक बरे चालते. दोन्हींकडून तुटलेल्यांची अवस्था सर्वांत कठीण होते. बैठक मात्र पारखून घ्या. ज्या घोळक्यात येथील लोकांना नावे ठेवण्यापलीकडे विषय निघत नाही, तेथून माणूस हलका होऊन परतत नाही.

तुमच्या व्यवसायाविषयी थोडक्यात, पण घाईने लिहिते, कारण ज्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागतो ते तुम्ही अजून सुरू केले आहे की नाही, हे पत्रावरून कळत नाही. फिजिओथेरपी हा बहुतेक देशांत नोंदणी लागणारा व्यवसाय आहे. व्हिसावर तुम्हाला काम करण्याची परवानगी आहे का आणि नोंदणी देणारी संस्था कोणती, हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळ्या कार्यालयांतून मिळतात. नोंदणीसाठी पदवी आणि गुणपत्रिकांखेरीज अभ्यासक्रमाचा तपशील, प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास, मूळ नोंदणी परिषदेचे सद्वर्तनाचे पत्र, अधिकृत भाषांतरे आणि भाषेच्या परीक्षेचा निकाल असे सारे सहसा मागितले जाते. १९६१ च्या हेग करारात दोन्ही देश असतील, तर प्रमाणपत्रांवर सहसा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी दाखला, चालते; नसतील, तर दूतावासामार्फत साक्षांकन करावे लागते. विद्यापीठातून अभ्यासक्रमाचे कागद काढायला तिकडे कोणाला तरी खेटे घालावे लागणार, म्हणून ते काम आजच सोपवा. मूळ नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नका. तुम्ही परत जायचे ठरवलेत तरी यांतला एकही कागद वाया जाणार नाही.

तुमच्या यजमानांनी हे उत्तर वाचले, तर त्यांच्यासाठीही एक परिच्छेद. परदेशी पाठवलेली माणसे मुदतीपूर्वी का परततात, याचा अभ्यास रोझली टंग यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकी कंपन्यांनी तेव्हा जी कारणे सांगितली, त्यांत जोडीदाराला तेथे रुळता न येणे हे कारण अग्रभागी होते आणि कर्मचाऱ्याचे तांत्रिक कौशल्य कमी पडणे बरेच मागे होते. म्हणजे पत्नीचे रुळणे ही तिची खासगी अडचण आहे, असे मानणे केवळ नोकरीच्या हिशेबातही चुकीचे ठरते. तुम्हाला मात्र मी असे सुचवीन की, ‘मला समजून घ्या’ एवढ्यावर थांबू नका. थकून आलेला माणूस मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत होते. त्याऐवजी कामे मागा. शाळेचा सगळा पत्रव्यवहार त्यांच्याकडे, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुले त्यांच्याकडे आणि त्या संध्याकाळी तुमचा भाषेचा वर्ग, असे ठरवून मागा. समजूत त्यातून आपोआप वाढते, असा माझा अनुभव आहे. निदान वाद तरी मोघम राहत नाहीत.

मुलीच्या बाबतीत तुम्ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट एका वाक्यात लिहून पुढे निघून गेला आहात. भावाला आणि खेळण्यांना ओळीत बसवून, बाईंच्या सुरात, ती रागावते. बाईंचा सूर उचलण्यासाठी बाईंकडे तासन्‌तास कान लावून बसावे लागते. तो हेल, कोणते वाक्य उभे राहून म्हणायचे आणि कोणते फळ्याकडे वळून, हे सारे तिने टिपले आहे. आणि जेथे चूक झाली तरी कोणी हसणार नाही, अशा श्रोत्यांपुढे ती त्याची तालीम करते आहे. नव्या भाषेत पडलेली बरीच मुले काही आठवडे, कधी काही महिने, केवळ ऐकत राहतात. भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांना हा मौनाचा काळ चांगला परिचित आहे आणि त्या काळात भाषा आत साठत असते. तेव्हा त्या खेळात डोकावू नका, त्याचे चित्रीकरण करून आजीला पाठवू नका आणि पाहुण्यांपुढे ‘बाई कशा बोलतात ते दाखव’ असे तर मुळीच म्हणू नका. शाळेच्या फाटकाशी ‘आज बोललीस का?’ हा प्रश्नही बंद करा. तो रोज विचारला जाऊ लागला, की बोलणे ही परीक्षा होते. चित्रकला, पोहणे, स्केटिंग असे जेथे बोलल्यावाचून चालते, ते काही तिला मिळू द्या आणि वर्गातल्या एकाच मुलीला एका दुपारी घरी बोलवा. पाच जणींना एकदम नको. नवव्या वर्षी वर्गातले गट जुळून गेलेले असतात आणि त्यांत शिरण्याची वाट बहुधा एका मैत्रिणीमार्फत जाते.

घरी येथील भाषा बोलावी, हा शिक्षिकांचा सल्ला सद्हेतूने दिलेला आहे, पण तो तुम्ही मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कॅनडातील संशोधक जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जे मांडले, त्याचा आधार येथे घेता येतो. मैदानावर, डब्याच्या सुट्टीत लागणारी बोलीभाषा मुले साधारण दोन वर्षांत आत्मसात करतात. इतिहासाचा धडा समजून घेणे, गणिताचे शाब्दिक उदाहरण सोडवणे, कारणे द्या अशा प्रश्नाला उत्तर लिहिणे यासाठी लागणारी भाषा समवयस्कांच्या बरोबरीची व्हायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. पहिल्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेच्या उपयोगी पडते, हेही त्यांचेच प्रतिपादन आहे. अपूर्णांक तिला मराठीतून कळले असतील, तर नव्या भाषेत फक्त शब्द शिकायचे उरतात. शिवाय तुम्ही दोघे अडखळत जी भाषा बोलाल, ती तिला शाळेत मिळणाऱ्या भाषेहून कमी प्रतीचीच असणार, आणि त्या बदल्यात घरातली थट्टा, रुसवे, रागावणे, समजूत घालणे हे सगळे आखडून जाईल. इतके मोल देऊन मिळणार काहीच नाही.

शिक्षिकांना नाही म्हणताना हात रिकामे ठेवू नका. ती घरी कसे खेळते, हे त्यांना लिहून कळवा; त्यांना बहुधा याची कल्पना नसेल आणि ते वाचून त्यांची चिंता निम्मी होईल. बोटाने दाखवून, चित्र काढून किंवा लिहून उत्तर दिलेले चालेल का, मोठ्याने वाचन एका जोडीदाराबरोबर करता येईल का, पुढच्या आठवड्यातल्या धड्यातले शब्द आधी घरी मिळतील का, हे विचारा. ते शब्द तुम्ही तिला मराठीतून समजावून द्या. त्याबरोबर एक खबरदारीही घ्या. ऐकण्याची आणि डोळ्यांची तपासणी एकदा करून घ्या. ती मराठी बोलणाऱ्या परक्या माणसांपुढेही गप्प होत असेल, खुणेनेही उत्तर देत नसेल, बोलायची वेळ आली की अंग ताठ होत असेल, किंवा येथे येण्यापूर्वीही शाळेत ती बोलत नसे असे आठवत असेल, तर भाषेपलीकडचे काही असू शकते आणि त्यासाठी बालरोगतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ यांचे मत घ्यावे. काही मुलांना ठरावीक ठिकाणी बोलता न येण्याचा त्रास असतो. तो हट्ट नसतो आणि लवकर लक्षात आला तर उपचारही चांगले लागू पडतात. तुमच्या पत्रावरून तसे काही दिसत नाही, तरी तपासून घेण्यात तोटा नाही.

धाकट्याची काळजी आज नाही. वर्षभराने तो तुम्ही मराठीत विचारलेल्या प्रश्नांना तिकडच्या भाषेत उत्तरे देऊ लागेल, तेव्हा त्याला टोकू नका आणि तुमचे मराठी सोडूही नका. रात्री त्याला गोष्ट वाचून दाखवण्याचा नेम ठेवलात, तर बरेच काम त्यातच होईल.

फोनचे म्हणाल, तर रोज ‘छान चाललंय’ म्हणण्याचे ओझे तुमच्या फोनपेक्षा जड झाले आहे. सासूबाईंशी बोलणे मुलांच्या वाट्याला अधिक द्या. मुलीने त्यांना पुस्तकातले एक पान वाचून दाखवावे. तिच्या आवाजाला ऐकणारे माणूस मिळेल आणि आजीला नात मिळेल. आईला मात्र एकदा खरे सांगा. सगळे नको, रोज तर नकोच, पण वाचनालयातून परत आलात त्या दिवशी कसे वाटले एवढे सांगितलेत, तरी पुरेल. लेकीच्या आवाजावरून आयांना बरेच काही आधीच कळलेले असते आणि न सांगितल्याने त्यांची काळजी कमी होत नाही.

राहता राहिला परत जाण्याचा प्रश्न. तो रोज रात्री, दोघेही दमलेले असताना, त्याच दोन वाक्यांनी सुरू होत असेल, तर त्यातून निर्णय निघणार नाही. त्याला एक तारीख द्या. चालू शैक्षणिक वर्ष संपायच्या सुमाराची तारीख मला योग्य वाटते, कारण मुलीच्या भाषेचा आणि तुमच्या कागदांचा काही अंदाज तोवर आलेला असेल आणि दोन्हींकडच्या शाळाप्रवेशांना वेळही उरेल. त्या दिवशी कोणत्या गोष्टी पाहून ठरवायचे, ते आज दोघांनी कागदावर लिहा. मुलगी एकीशी तरी बोलते का, तुमच्या नोंदणीचा अर्ज कोठवर आला, तुमची झोप परत आली का, ठरलेल्या दोन संध्याकाळी खरोखर मोकळ्या मिळाल्या का. त्या तारखेपर्यंत हा विषय रात्री काढायचा नाही, असे दोघांनी कबूल करा. तुमची किंवा मुलीची प्रकृती ढासळली, तर अर्थातच तारीख अलीकडे आणावी लागेल.

तुमच्यापुढे पर्याय दोनच आहेत, असे तुम्ही धरून चालला आहात. चौघांनी मिळून मुदतीपूर्वी परतणे हा तिसरा पर्यायही असतो, आणि वेळ आलीच तर माझे मत त्याच्या बाजूने पडेल. दोन वर्षांहून अधिक काळ दोन ठिकाणी संसार करणे मला सर्वांत महाग वाटते. मुलांचे वडील पडद्यावर जातात, यजमानांची घरी परतण्याची ओढ नाहीशी होते आणि तुम्ही तिकडे दोन मुलांसह पुन्हा एकट्याच पडता. मुलीला ऐन भाषा फुटण्याच्या सुमारास दुसऱ्यांदा शाळा बदलावी लागेल, ते वेगळेच. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूथ युसीम आणि त्यांचे पती जॉन यांनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी लोकांचा अभ्यास केला. आईवडिलांबरोबर परदेशात वाढणाऱ्या मुलांविषयीचा विचार त्यातून पुढे आला. अशा मुलांना मायदेशी परतणेही सोपे जात नाही, हे तेव्हापासून अनेकदा नोंदले गेले आहे. परत गेले की सारे पूर्वीसारखे होईल, हे गृहीत धरून निर्णय घेऊ नका.

काही कागद मात्र त्या तारखेची वाट न पाहता आताच वाचून ठेवा. अनेक देशांत अवलंबितांचा निवास परवाना ठरावीक काळाहून अधिक बाहेर राहिल्यास रद्द होतो, म्हणजे ‘जाऊन बघू, नाही जमले तर परत येऊ’ ही वाट तुम्हाला खुली आहे की नाही, हे त्यावर अवलंबून आहे. यजमानांच्या करारात मुदतपूर्व परतीचे कलम असल्यास कुटुंबाची तिकिटे, सामान आणि घराचा उरलेला करार यांचा खर्च कोणाकडे, ते त्यात दिलेले असते. कुटुंब आधी परतले तर भत्त्यात काय फरक पडतो, हे कार्यालयाला लेखी विचारावे. ही उत्तरे हाती नसताना दोघे जे काही बोलाल, ते पैशांच्या आणि नियमांच्या अंदाजावर बोलाल.